मागील पीक

प्रति,
मा. माती परीक्षण अधिकारी,
माती परीक्षण प्रयोगशाळा,
तळमजला, जिन्याशेजारचे दार.

विषय : माझ्या भोपळ्याच्या बागेतील माती, आपल्या तक्त्यात नसलेल्या घटकासाठी पुन्हा तपासून मिळणेबाबत. अत्यंत तातडीचे.

संदर्भ : १) आपला माती परीक्षण अहवाल, शेरा ‘उत्कृष्ट’. २) माझे यापूर्वीचे अर्ज. ३) त्या सर्वांना मिळून आलेले आपले एक उत्तर.

महोदय,

१. अर्जदार ही निवृत्त गणित शिक्षिका असून मुलगा, सून व नात यांच्यासह गल्लीच्या टोकाच्या घरात राहते. नोकरीत असताना मी उत्तरपत्रिकांवर सढळ हाताने भोपळे दिले आणि निवृत्तीनंतर घरामागे ते लावले, असे माझा मुलगा चेष्टेने म्हणतो. आपल्या माहितीपत्रकाप्रमाणे मी बागेत नागमोडी चालून ठिकठिकाणची माती घेतली, घमेल्यात एकत्र कालवली, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दिले व उरलेली पिशवीत भरून आपल्याकडे जमा केली. सोबतच्या फॉर्मवर ‘मागील पीक’ असा रकाना होता. रकाना कोरा ठेवणे मला जमत नाही, म्हणून तिथे ‘निरंक’ लिहिले.

२. अहवाल आला. स्फुरद जास्त, पालाश अत्यंत जास्त, गंधक अत्यंत जास्त. सामू तेवढा कमी, म्हणजे माती आंबट; त्यावर आपल्या लिपिकांनी चुना टाकायला सांगितले. मी तो कागद प्रगतिपुस्तकासारखा वाचला : एक विषय कच्चा, बाकी विशेष प्रावीण्य. छाती फुगली. कागद चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावला. पुढे आपले पथक आले, फाटकावर ‘आदर्श परसबाग’ अशी पाटी ठोकून गेले आणि एवढी सुपीक माती वाया कशाला घालवायची म्हणून बरीच पोती टेम्पोत भरून घेऊन गेले. पोती उचलायला मीही हात लावला. ती कुठे गेली, हे मी तेव्हा विचारले नाही.

३. माझी नात नुकती बोलायला लागली होती. भोपळ्याला ती ‘भोप’ म्हणे. दिवसभर वेलांखाली बसून माती उकरायची, आणि त्या वयाच्या मुलांचा हात कुठे जातो हे आपणास सांगायला नको. आधी तिचे जेवण तुटले. मग पोट धरून रडू लागली. आम्ही दात येत असतील म्हणालो, दृष्ट काढण्यापर्यंत गेलो नाही एवढेच. मग शब्द जाऊ लागले. ‘चिऊ’ गेला, ‘दार’ गेला, आणि एका दुपारी मी भोपळा पुढे धरला तर ती त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. सून म्हणाली, “आई, हिचं काहीतरी बिनसलंय. ही बोलायची विसरतेय.” तेव्हा माझ्या पायांखालची जमीन सरकली.

४. डॉक्टरांनी रक्त तपासले. तोही अहवाल तक्त्याचाच. त्यातही एका ओळीपुढे ‘अत्यंत जास्त’ असे छापले होते. ओळ शिशाची होती. भिंतीवरच्या कागदात हेच दोन शब्द मी शाबासकी म्हणून पाहुण्यांना दाखवत होते. माझ्या भ्रमाचा भोपळा त्या दवाखान्यात फुटला. डॉक्टरांनी विचारले, त्या जागेत पूर्वी काय होते? मी समोरच्या म्हाताऱ्या घड्याळजींना विचारले. ते हसून म्हणाले, “बाई, तुमच्याआधी तिथं बॅटऱ्या पिकायच्या.” गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढायची शेड होती, आतले ॲसिड अंगणात ओतत. महोदय, आपला अहवाल खोटा नव्हता. आंबट माती आणि तो गंधक ओरडून सांगत होते. मी गंधकाला गुण समजले आणि आपण आंबटपणावर चुना सुचवलात.

५. म्हणून मी शिशाची तपासणी मागितली. आपले उत्तर असे : ‘शिसे हे पोषक द्रव्य नसल्याने पोषक द्रव्यांच्या तक्त्यात बसत नाही. तसेच आदर्श ठरलेल्या मातीच्या फेरतपासणीची तरतूद नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. पुढील हंगामास शुभेच्छा.’ मी वेल उपटून टाकले, मागचे दार खिळे मारून बंद केले आणि फाटकावरची पाटी काढली. दुसऱ्याच दिवशी आपला शिपाई येऊन ती पुन्हा ठोकून गेला, कारण पाटी कार्यालयाच्या मालकीची आहे. तिच्याखालून मी नातीला दवाखान्यात नेते-आणते.

६. काल मी त्या पोत्यांचा माग काढला. ती आपल्याच आवारात, कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीच्या पाळणाघरात गेली आहेत. काही माती फुलझाडांना घातली आहे आणि उरलेलीचा मुलांना खेळायला ढीग केला आहे. मुले चमच्यांनी तो उकरत होती. मी कुंपणाबाहेरून ओरडले, मुलांना आत घ्या. तिथल्या मावशी म्हणाल्या, “साहेबांनी लिहून दिल्याशिवाय कसं घेणार? आणि माती चांगली आहे हो, हे बघा, सर्टिफिकेट लावलंय.” दारावर माझ्याच अहवालाची नक्कल होती.

७. ढिगाच्या कडेला निळ्या फ्रॉकातली एक मुलगी मूठ तोंडात घालून बसली होती. मी तिला नाव विचारले. ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. हे पाहणे मला ओळखीचे आहे. मावशी म्हणाल्या, “आधी फार बडबडायची. हल्ली गप्प गप्प असते.” मी विचारले, कुणाची?

“साहेबांचीच धाकटी.”

८. तरी, माझा अर्ज नियमानुसार पुन्हा फेटाळावा. माझी हरकत नाही. फक्त तो ढीग आज झाकावा, पाळणाघराचे दार बंद करावे आणि हा कागद आवक-जावक विभागात पाठवण्याआधी आपण स्वतः उठून तिला घेऊन यावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
(सही)
निवृत्त शिक्षिका, आणि एका मुलीची आजी

दिनांक : आजचाच समजावा.

सोबत :
१) भिंतीवरून काढलेला आपला अहवाल, चौकटीसह.
२) माझ्या नातीच्या रक्ताचा अहवाल.
३) आमच्या डॉक्टरांचा पत्ता. दवाखाना संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा असतो. आपण याल असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.