मोरीतून वर आलेले बेदाणे

कैरवान, तळमजला
सोमवार

चि. हमादी यास जलीलाताईचे आशीर्वाद.

अल्लाच्या कृपेने मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरवत नसेल, हे मी समजते (कॉफीच्या दुकानापर्यंत कसा जातोस, ते विचारत नाही). म्हणून मध्ये चौदाच पायऱ्या असल्या तरी पत्र लिहिते आहे.

काल दुपारी माझ्या सिंकमधून पाणी वर आले. मी उकडलेले अंडे खाल्ले होते. वर आला तो वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांचा कुसकुस, मेंढीच्या चरबीसकट. सादोक नळवाल्याला बोलावले. त्याने ओट्याखाली आडवे होऊन पाइप उघडला आणि सांगितले की अख्खे दाणे येताहेत, म्हणजे वरच्यांनी भांडी धुण्याच्या यंत्राच्या तळची जाळी काढून टाकली आहे. ती अधूनमधून धुवावी लागते, त्याचा कंटाळा. यंत्र आले तेव्हा मी तुझ्या बायकोला, वसीलाला, एवढेच म्हटले होते, की ताटे विसळू नकोस, पण खरवडून आत ठेव आणि जाळी धूत जा. त्यावर तू म्हणालास, "ताई, शाळा सुटली आता." त्याला सात महिने झाले. तेव्हापासून मी वर आले नाही आणि तुमचे काही अडलेही नाही.

(शाळा सुटली, रसायनशास्त्र सुटले नाही. यंत्राच्या गरम पाण्यात चरबी वितळते आणि गार पाइपात, म्हणजे माझ्या मजल्यावर, गोठते. कुसकुस तिच्यात बसून फुगतो.)

आई जमिनीवर पडलेला पावाचा तुकडासुद्धा उचलून ओठांना लावायची आणि उंचावर ठेवायची. तिच्याच घरात आता अन्न गटारात जाते. तेही मी गिळले असते. पण सादोकने पाइपातून मूठभर बेदाणे आणि सोललेले बदाम काढले. आपल्या घरात बेदाण्यांचा कुसकुस कधी होतो, हे मला सांगायला नको. सादोक हात पुसत म्हणाला, "मुबारक असो, बाई. वर कुणाची सोयरीक ठरली?"

म्हटले, माझ्या भाचीची, इम्तिनानची. तिला अक्षरे मी गिरवायला लावली, हमादी. तिचे लग्न ठरल्याचे मला मोरीने कळवले. "मग तुम्ही खाली कशा?" असे त्याने विचारले. मी म्हटले, गुडघा. आमच्या घराण्यात तो दुखतोच.

कळावे. लोभ असो नसो, यंत्रात जाळी असावी.

तुझी बहीण,
जलीला

ता. क. पाइपाच्या तळाशी कॉफीच्या गाळाचा टणक काळा थर निघाला. तो माझा. सादोकच्या मते बेदाणे त्याच्यावरच अडकले. वसीलाला हे कळायचे कारण नाही.

ता. क. २. इम्तिनानला मेंदी लागेल त्या दिवशी आत्या जवळ असावी, असे तुला वाटत असेल तर उरलासुरला कुसकुस एका ताटात घालून पाठव. जिन्याने. आपल्यात ताट रिकामे परत करत नाहीत, तेव्हा ते घेऊन मला वर यावेच लागेल.