जिभेखालची अ-दर्जाची गाठ

मु. पो. दिघोरी, ता. लाखांदूर, जि. भंडारा
तान्हा पोळा

आदरणीय इवाई तथा व्याही श्री. लिलाधरजी, मुक्काम सानगडी, यांना दिघोरीच्या तुलारामचा दोन्ही हात जोडून रामराम. इहीण बायाबाई यांनाही सुलोचनाबाईचा आणि माझा नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहेत. (‘सर्व’ मुद्दाम लिहिलं आहे. त्यात मीही आलो.) तुमचा गुडघा कसा आहे, तुमच्याकडची बोडी पाण्यानं भरली का, धान निसवायला आलं का, चि. धनंजयचं लाखनीचं टायरचं दुकान जमलं का, हे सगळं खरं तर फोनवर विचारता आलं असतं. पण माझा फोन तुमच्याकडे इहीणबाई उचलतात आणि तुम्ही धानाच्या बांधीत गेले म्हणून सांगतात. भर उन्हाळ्यातही तुम्ही बांधीतच होतात. तेव्हा म्हटलं, एवढ्या कामाच्या माणसाला पत्रच लिहावं, सवडीनं वाचता येते.

सगळ्यात आधी आनंदाची बातमी. माझ्या जिभेखाली जी गाठ होती ती काढली, तपासली, आणि तिच्यात कॅन्सरचा कणसुद्धा निघाला नाही. तिचं नाव डर्मॉईड सिस्ट. निरुपद्रवी, पण दुर्मिळ. दुर्मिळ या शब्दाखाली रेघ ओढली आहे, ती पेन घसरून पडलेली नाही. अंगावर कुठंकुठं निघणाऱ्या या जातीच्या गाठी शंभर धरल्या, तर त्यात तोंडातली जेमतेम एखाद-दुसरी. शिकले-सवरले डॉक्टर जन्म काढतात आणि त्यांना ती पुस्तकातच भेटते. आणि ती निघाली कुठं, तर दिघोरीत. साकोलीत नाही, भंडाऱ्यात नाही आणि (रागावू नका) सानगडीतही नाही.

आता साक्षगंधाच्या दिवसाचं बोलतो, कारण तिथूनच सगळा घोळ झाला. आमच्या टीनाला कुंकू लागलं, अंगठी झाली, बायका आत गेल्या आणि मांडवाखाली पुरुषांच्या बैठकीत खर्रा निघाला. तुम्ही स्वतः प्लास्टिकच्या पन्नीवर सुपारी-तंबाखू घोटली (तुमच्या हातच्या खर्ऱ्याचं नाव तीन तालुक्यांत आहे, मी नाकारत नाही) आणि पहिला मान म्हणून माझ्यापुढे धरला. मी हात आडवा केला. मांडव असा गप्प झाला की आतल्या बायकांची भांडी ऐकू आली. आता तुम्हीच सांगा, आपल्या जिल्ह्यात खर्ऱ्याला नाही कोण म्हणते? एक तर दूध पिणारं लेकरू, नाही तर ज्याच्यापुढे डॉक्टरनं हात टेकले ते. मी लेकरू नव्हतो. त्यात माझं बोलणं जाड झालेलं, जीभ वर उचललेली, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आलेली. (सुलोचनाबाईला वाटत होतं की माझी तब्येत सुधारली, तिनं तूप वाढवलं होतं.) तुमचे साळे गोपीचंदजी माझ्याकडे बाजारातल्या बैलाकडे पाहावं तसे वाकून पाहत होते. त्यांनी तुमच्या कानात काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती.

खरी गोष्ट अशी, लिलाधरजी, की मी जन्मात खर्रा खाल्लेला नाही. वासानंच माझ्या पोटात ढवळते. पण कोणी प्रेमानं घोटून दिलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं? म्हणून जो देईल त्याचा घ्यायचा, मूठ तोंडापर्यंत न्यायची, मान मागे करायची आणि मूठ खाली आणता आणता खर्रा खिशात सोडायचा. घरी आलो की खिसा खातखड्ड्यात झाडायचा. एवढ्या वर्षांत कोणाला पत्ता नाही. उलट गावात माझं नाव पक्का खर्रेवाला म्हणून, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. पण साक्षगंधासाठी टीनानं हौसेनं नवा कुर्ता आणला. शिवण चांगली, कापड चांगलं, अन् खिसा एकही नाही. छातीवर नाही, बाजूला नाही, आतून नाही. (हे कुर्ते कोण शिवते? त्या माणसाला घरदार नाही का?) मूठ वर गेली असती तर खर्रा तोंडात जाण्यावाचून त्याला गती नव्हती, आणि व्याह्यांच्या बैठकीत मी ओकलो असतो. म्हणून हात आडवा केला. तेव्हा माझ्या पोरीचं लग्न माझ्या आजारानं नाही, एका खिशानं अडलं आहे, हे कृपा करून ध्यानात घ्या.

त्यानंतर तुमचा निरोप आला की पोराचं दुकान नवीन आहे, जरा थांबू. मी धान पिकवणारा माणूस आहे, ‘जरा थांबू’ म्हणजे काय हे मला कळते. मला फार लागलं. टीना लाखनीला औषधांच्या दुकानात बसते, तिथून धनंजयचं दुकान दिसते म्हणे, तर तिनं आपली खुर्ची फिरवून घेतली. आणि एका संध्याकाळी मोबाईलची बत्ती घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. “बाबा, तोंड उघडा,” म्हणाली. “आता मी पाहतो.” (घरात एकुलती एक, पोरासारखी वाढली, पोरासारखीच बोलते. तुम्हाला सवय होईल.) पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

तोवर गावानं माझं ठरवून टाकलं होतं. लोक केळी घेऊन यायचे, खाटेच्या कडेला बसायचे आणि माझ्याकडे न पाहता वासे पाहायचे. शेजारच्या सीताबाईनं आधीच रडून घेतलं, म्हणे नंतर धान रोवण्याच्या धांदलीत जमलं नाही तर. आणि रोवण्याचं तर काय सांगू? दरवर्षी मजुरांच्या पाया पडता पडता माझ्या पऱ्ह्यांची रोपं पिवळी पडतात. यंदा अख्खा मोहल्ला न बोलावता माझ्या बांधीत उतरला. बिचाऱ्याचं शेवटचं पीक, म्हणाले. दिघोरीत यंदा सगळ्यांच्या आधी रोवणा माझा आटोपला आणि आज धान पाहाल तर दृष्ट लागेल असं उभं आहे. आता मी बरा होऊन आलो तर काही जण तोंड वाकडं करून राहिले, जसं मी त्यांना फसवलं.

लाखनीच्या दातांच्या डॉक्टरनं माझी जीभ वर करून पाहिली आणि नागपूरच्या दातांच्या मोठ्या कॉलेजची चिठ्ठी दिली. तिथं रिता मॅडम म्हणून डॉक्टर आहेत. वयानं आपल्या टीनाएवढ्या, पण हात असा की धान पारखणाऱ्या व्यापाऱ्याचा असावा. एक बोट तोंडात जिभेखाली, दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून हनुवटीखाली, आणि मधे गाठ तोलून पाहिली. दुखते का? नाही. कधीपासून? हळूहळू, एक-दोन वर्षं. बोटानं दाबलं तर भिजवलेल्या कणकेत पडतो तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. त्यावर मॅडमचा चेहरा असा खुलला की मला वाटलं यांच्या घरी काही शुभवर्तमान आलं. त्यांनी आपल्या सरांना बोलावलं. सरांनी त्यांच्या सरांना बोलावलं. मग पोरं-पोरी वह्या घेऊन रांगेनं आले आणि प्रत्येकानं विचारून, हातमोजे घालून, माझ्या गाठीला हात लावला. लिलाधरजी, मी सोसायटीच्या निवडणुकीला दोनदा उभा राहिलो आणि दोनदा पडलो. माझ्यासाठी एवढी रांग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

स्कॅन झालं, सुईनं तपासणी झाली, आणि ऑपरेशन तोंडातूनच झालं, गळ्यावर ओरखडाही नाही. गाठ सालीसकट अख्खी निघाली, मोठ्या आवळ्याएवढी, आत खरवसाच्या चुऱ्यासारखं पिवळट-पांढरं. मग तिचे पापुद्र्याहून पातळ काप करून रंग दिले आणि काचेवर ठेवले. मी हट्टच धरला की माझी वस्तू आहे, मला दाखवा. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला माझा डोळा लावून दिला. काय सांगू! सगळं गुलाबी-जांभळं. गाठीला आतून अस्तर, आणि ते अस्तर म्हणजे अंगावरच्या कातडीसारखी कातडी. तिचे वाळलेले पापुद्रे सुटून सुटून मधे साचलेले, तोच तो चुरा. आणि त्या कातडीखाली तेलाच्या ग्रंथी, घामाच्या ग्रंथी आणि केसाचं मूळ. हो, केसाचं. ज्या माणसाच्या टाळूवर लग्नाच्या आधीपासून काही टिकलं नाही, त्याच्या जिभेखाली केसांची तयारी चालू होती.

मी विचारलं, हे आलं कुठून? तेव्हा मॅडम म्हणाल्या, “काका, हे तुम्ही जन्माच्या आधीपासून घेऊन फिरून राहिले.” आईच्या पोटात बाळाचं तोंड दोन्हीकडून येऊन मधे जुळते म्हणे, आणि जुळताना चिमूटभर कातडी आत राहून गेली तर ती पुढं कधी तरी अशी वाढते. बहुतेकांची तरुणपणीच दिसते, माझी उशिरा उजाडली. म्हणजे खर्ऱ्याचा संबंध नाही, माझ्या वागण्याचा नाही, आणि ही पोरांना लागणारी गोष्टही नाही. (हे वाक्य इहीणबाईंना दोनदा वाचून दाखवावं.) यात प्रतवारीही असते. नुसती कातडी निघाली तर ती साधारण. कातडीसोबत केस-ग्रंथी निघाल्या तर ती खरी डर्मॉईड, म्हणजे आपल्या धानाच्या भाषेत अ-दर्जा. माझी अ-दर्जा. त्याच्यावर अजून एक असते, तिच्यात हाड-मांससुद्धा निघते. मी मॅडमना म्हटलं, नीट पाहा, एखादं हाड असेल. त्यांनी माझ्या समाधानासाठी पुन्हा पाहिलं, नव्हतं. असो, माणसानं हाव करू नये.

माझी गाठ आता डॉक्टरांच्या परिषदेत पडद्यावर दाखवणार आहेत. माझा फोटोही, पण डोळ्यांवर काळी पट्टी मारून. मी भांडलो. पट्टी चोरांना मारतात, मी काय चोरलं? मॅडम म्हणाल्या, पेशंटची ओळख लपवावी लागते. मी म्हटलं, नाव नका लिहू, दिघोरी तरी लिहा. त्यांनी विचारून सांगते म्हटलं आहे, आणि मी दर दोन दिवसांनी विचारून राहिलो आहे.

आता बोलणं एकदम साफ झालं आहे. इतके महिने साचलेलं सगळं मी बोलून घेतो. कोणी आलं की आधी जीभ वर करून टाके दाखवतो, मग चहा. सुलोचनाबाई काल म्हणाली, “थे गाठ परत बसवून भेटते का, इचारून या एकदा.” बायकोला नवऱ्याच्या मोठेपणाचं कौतुक कधी असते? पत्र लांबलं, पण गाठच तशी होती. इहीणबाईंना नमस्कार, चि. धनंजयला आशीर्वाद, आणि गोपीचंदजींनी एकदा येऊन माझं तोंड जवळून पाहावं, दुरून पाहून त्यांना नीट दिसलेलं नाही.

आपला, स्वच्छ तोंडाचा,
तुलाराम

ता. क. : सोबत सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोची रंगीत प्रत आहे. आमच्याकडे ती बैठकीत लावली आहे. जांभळी बाजू वर येते. उलटा लावला तर केसाचं मूळ खाली डोकं वर पाय दिसते.

ता. क. दुसरी : मी कोणतीही विनंती करायला हे पत्र लिहिलेलं नाही. फक्त, तुळशीच्या लग्नानंतर चांगले मुहूर्त आहेत असं ऐकतो. टीनाला या पत्राचं माहीत नाही, कळलं तर माझ्याशी बोलणार नाही. तुम्हाला नाहीच म्हणायचं असेल तर सरळ म्हणा, पोरीत खोट असेल तर ती सांगा, मी ऐकून घेईन. माझ्या तोंडाचं निमित्त मात्र आता उरलेलं नाही.

ता. क. तिसरी (ही इहीणबाईंना दाखवू नका) : वरचं सगळं राहू द्या. लग्नाला हो म्हणा, नाही म्हणा, पण हे ऐका. साक्षगंधाच्या जेवणात तुम्ही लाडू चमच्यानं चुरून चुरून खाल्ला. मला वाटलं मोठ्या घरची रीत असेल. भाजीचा तिखट घास घेतला तर तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तुम्ही हसलात तेव्हा तोंड बोटभरच उघडलं. कॉलेजात मी बाकावर बसून असायचो ना, तिथं माझ्या शेजारी असेच बसायचे, चुरून खाणारे, खर्ऱ्यानं तोंड आखडत गेलेले. मॅडम त्यांना आपली तीन बोटं उभी धरून दातांमधे घालायला सांगायच्या. कोणाची दोन जायची, कोणाचं एक. त्यांचं तोंड पाहायला कोणी पोरांना बोलावलं नाही, आणि मॅडमचा चेहराही खुलला नाही. दार लावून एकदा स्वतःचं पाहा. वेळेवर दाखवलं तर पुढचा कॅन्सर टाळता येते, खर्रा मात्र त्याच दिवशी सोडावा लागते, असं त्यांनी मला नीट समजावलं आहे.

येत्या गुरुवारी मी टाके दाखवायला चाललो आहे. सकाळी लाखनीच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीपाशी उभा राहीन. मॅडमना तुमचं नाव सांगून ठेवलं आहे. घरी सांगा, तुलारामच्या सोबतीला चाललो, एकट्याला त्याला भीती वाटते. डबा आणू नका. सुलोचनाबाई दोघांचा देणार आहे, मऊ भात आणि पातळ वरण, बिनतिखटाचं.