पासष्ट वर्षं, शून्य महिने, शून्य दिवस

२ मार्च १९६४, सोमवार
परत नापास! मतदार नोंदणीच्या अर्जावर वय वर्षं-महिने-दिवसांत लिहायचं, एक दिवस चुकला की अर्ज बाद. जानेवारीत अर्ज भरायचा दिवस मोजणीत धरला, तर कारकून म्हणाला, धरायचा नसतो. आज धरला नाही, तर म्हणे धरायचा असतो. शेजारची गोरी बाई बोटं मोजत बसली होती. तिचं वय त्यानंच भरून दिलं.
आणि मी शाळेत बत्तीस वर्षं वजाबाकी शिकवते!
एक बरं—अर्ज कोणी बघत नाही. नवऱ्याला—आनातोलला—, शाळेला, सगळ्यांना चार वर्षं कमी सांगितलीत. पण अर्जावर शपथ असते. कॉन्व्हेंटात सिस्टर क्लोटील्डच्या हाताखाली शिकलेलीला शपथेवर खोटं लिहवत नाही.

५ मार्च
ट्रंकेतून आईचे पांढरे हातमोजे काढले. अजून वाळ्याचा वास! वीस साली बायकांना मताचा हक्क मिळाला, तेव्हा हेच घालून ती मला घेऊन कचेरीत गेली होती. मी एकवीस वर्षांची. ‘तो कायदा तुम्हां काळ्या बायकांसाठी नाही,’ असं सांगून आम्हांला परत पाठवलं. वाटेत आई एवढंच म्हणाली, मोजे नीट घडी करून ठेव, परत लागतील.

९ मार्च
आनातोल पेकानची कवचं फोडून दाणे सोलता सोलता म्हणाला, “वाढदिवशीच जा की. महिने शून्य, दिवस शून्य. काय मोजणार तो? आणि पासष्ट लिहायला लाजू नकोस.”
माझ्या हातातला डाव गंबोच्या रश्शात पडला. लग्नात चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत माझं खरं वय वाचलं होतं म्हणे त्यानं.
“आणि इतकी वर्षं गप्प?”
“तू इतकी मनापासून खोटं बोलायचीस. मोडवेना.”

१९ मार्च
पास! कारकुनानं दोनदा बोटं मोजली, छताकडे पाहिलं, शिक्का मारला. मोजे घातले होते.
संध्याकाळी गल्लीतल्या बायका ओसरीवर जमल्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सगळ्यांचे वाढदिवस लिहिले. पहिला नंबर झेनोबीमावशीचा. ती विचारते, “पण मला नेणार कोण? तुझी तर शाळा.”

२३ मार्च
शाळेच्या मंडळाचं पत्र. पासष्ट पूर्ण, उद्यापासून येऊ नये. सोबत पुरावा—माझ्याच अर्जाची नक्कल.
बुधवारी झेनोबीमावशी एक्क्याऐंशीची होते. शून्य, शून्य. सकाळीच निघू. मोजे तिला होतील.