एक बाजू संपेपर्यंत

३ मार्च
चपला-बूट दुरुस्तीचं दुकान. वर्षातलं चौथं काम! दुकानवाल्या काकांचा नियम एकच – सोल चिकटवला की रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत दाबून धरायचा. घड्याळ नाही. रेकॉर्डही एकच – साठच्या दशकातल्या कुठल्याशा बँडची सगळी गाजलेली गाणी. कव्हरवर सात जण, एकाच ताग्यातून बेतलेले सूट.

९ मार्च
तेच ते, तेच ते! डोकं उठलं.

१७ मार्च
कुणाला सांगणार नाही, पण ते तिसरं गाणं! आधी नुसता बास गिटारचा ठेका, पोटातून चालत गेल्यासारखा. मग खंजिरी. मग ट्रंपेटं उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखी धाडकन आत. आणि गाणारा – रडायचं गाणं नाचत म्हणतो लेकाचा! शब्द निम्मे कळत नाहीत, पण माफी मागतोय एवढं कळतं. टाचेला खिळे ठोकताना माझा हातोडा आपोआप तालावर पडतो. काका त्याच्याकडे टक लावून मान हलवत बसतात. चूक काढायला टपलेले. हाक मारली तर ओ नाही.
(माझी छत्री कुठे गेली? मागच्या गावातच राहिली वाटतं.)

२४ मार्च
शी! शेजारच्या लाँड्रीतल्या दोघी आल्या होत्या. "काय गं, असलं जुनाट ऐकतेस?" आणि माझी जीभ – "मी कुठली ऐकतेय! थेरडा लावतो." वर काकांची नक्कल केली – तोंड उघडं, मान हलती. दोघी हसून हसून आडव्या.
वळले तर काका दारात. दोन्ही हातांत चहा. एक माझा.

२५ मार्च
रेकॉर्ड लागली नाही.

२८ मार्च
आजही नाही. सोल अंदाजाने दाबते. एक नर्सबाई बूट घेऊन परत आल्या, सोल जिभेसारखा लोंबतोय. "अहो, चार दिवस टिकला नाही!" मी चिकटवलेला. काका म्हणाले, "माझी चूक, बाई." धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मनात गाणी म्हणून वेळ मोजावी, तर चौथं गाणंही आठवेना.
पिशवी भरली. नेहमी तेच करते.

२९ मार्च
गेले नाही. त्यांच्यासमोर उभी राहिले. "काका, चुकले मी. मला ती गाणी आवडतात. लावा ना." ते म्हणाले, "काय?" मी ओरडून सांगितलं. रस्त्यावरचे दोघे थांबले!

३० मार्च
लावली. काका म्हणाले, "दोन वर्षं झाली पोरी, मला यातलं काही ऐकू येत नाही. तुझा हातोडा बघून कळायचं – हे तिसरं, हे चौथं. तुलाच नकोसं झालं, तर लावून काय करू?"