उष्टा आवाज

सोमवार, ४ तारीख

शाळेतल्या मुलींना रेडिओ बनवता आला तर पुढे त्यांचं काय भलं होणार? आईने मला बसमध्ये बसवताना हे विचारलं. इथे येऊन सामान लावून झालं, तरी तो प्रश्न डोक्यातून जात नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. आईच्या हिशेबी पदवी म्हणजे खुर्ची, टेबल आणि डोक्यावर पंखा. मी मात्र मुलींच्या निवासी शाळेत विज्ञान शिकवायला आले, तेही ट्रंकेत कपडे कमी आणि तांब्याची तार जास्त घेऊन.

पण जागा छान आहे. माझी खोली प्रयोगशाळेला लागून, पहिल्या मजल्यावर. खिडकीखाली अंगण आणि पलीकडे भोजनगृह. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी माझा बेत ऐकून घेतला आणि बजावलं, की मुलींनी हात भाजून घेतले तर पालकांची पत्रं तुम्हीच वाचायची. स्वयंपाकाच्या मावशींनी न विचारता दुप्पट भात वाढला. एवढीशी बाई मागच्या बाकावरून दिसणार कशी, असं त्यांचं म्हणणं.

आज खूप आनंदात आहे.

गुरुवार, ७ तारीख

रेडिओ बनवायला नववीतल्या सहा जणींनी नावं दिली. त्यांच्यातली एक प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ विचारते. तिला बाकीच्या वकिलीण म्हणतात, आता मीही म्हणते.

बाजारातल्या रेडिओवाल्या काकांनी जुना व्हॉल्व्ह दिला. काचेचा, अंगठ्याएवढा, त्यांच्या खिशात राहून कोमट झालेला. संच सोपा आहे: एक व्हॉल्व्ह, दोन बॅटऱ्या, स्टेशन लावायचा कंडेन्सर, हेडफोन आणि पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेल्या दोन तारा. मोठी गुंडाळी हवेतला आवाज पकडते. छोटी असते परतीची. व्हॉल्व्हने मोठा केलेला आवाज ती थोडाथोडा पुन्हा त्याच्याच तोंडात घालते, म्हणजे तो आणखी मोठा होऊन बाहेर येतो. बटण फिरवून किती परत घालायचं ते ठरवता येतं.

वकिलीण म्हणाली, “म्हणजे तो स्वतःचं उष्टं खातो.” सगळ्या जणी ईऽ करून ओरडल्या. मी म्हटलं, अगदी बरोबर, आणि त्यावरच धष्टपुष्ट होतो. असं उदाहरण मला चार वर्षांत एकाही प्राध्यापकाने दिलं नव्हतं.

मंगळवार, १२ तारीख

लागला! मधल्या सुट्टीत, ताटं वरच घेऊन आलो होतो तेव्हा. कुणीतरी दूरवरचं हवामान सांगत होतं. हेडफोन एकच, म्हणून घास घेता घेता आळीपाळीने ऐकलं. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मी ही तार गुंडाळलीय, माझ्या तारेतून बोलतोय तो.

परतीचं बटण जास्त फिरवलं की शिट्टी वाजते. काकांनी ताकीद दिली आहे, की शिट्टी वाजायला लागली म्हणजे तुमचा संच ऐकायचं सोडून स्वतःच बोलू लागतो. एरियलमधून तुमचं काहीबाही बाहेर जातं आणि गल्लीतले सगळे रेडिओ केकाटतात. पण आवाज सगळ्यात स्वच्छ येतो तो शिट्टीच्या अगदी काठावर. तिथे थांबून कंडेन्सर फिरवला, तर एका जागी चावण्याचा आवाज ऐकू आला.

कुणीतरी जेवत होतं. तोंड न मिटता, मचमच, मधूनच जिभेने टाळू चाटत. मुली हसून लोळल्या. निवेदक माईक बंद करायला विसरला असणार, असं मी सांगितलं. वकिलीणीने लगेच विचारलं, तो माणूसच कशावरून?

हेडफोन उतरवल्यावर मी रुमालाने कान पुसले. मग आणखी एकदा पुसले. खरं तर कान कोरडेच होते.

गुरुवार, १४ तारीख

आजही त्याच जागी, जेवणाच्याच वेळी. म्हणून रीतसर प्रयोग करायचं ठरवलं. एकीच्या कानाला हेडफोन, दुसरीने समोर गाजर खायचं. ऐकणारी म्हणाली, गाजर चावल्याचा आवाज येतो. पण समोरचीने चावण्याच्या आधी येतो.

मनाचे खेळ, म्हणून मी स्वतः हेडफोन घातला आणि गाजर दातांत धरलं. कानात कडाड् झालं. त्यानंतर माझे दात मिटले, आणि काही मऊ लागलं. हातावर थुंकले. चघळून झालेला लगदा होता, कोमट, फेस आलेला. मी एकदाही चावलं नव्हतं.

चुळा भरल्या. किती भरल्या ते मोजलं नाही. जिभेवर कुणाची तरी जीभ घासून गेल्यासारखी चव अजून आहे.

शनिवार, १६ तारीख

संच परवापासून बंद आहे. तरी सहाही जणी जेवू शकत नाहीत. मीही नाही.

ताटात भात चांगला असतो. मोकळा, वाफाळता. ओठांच्या आत गेला की तो दुसऱ्याने खाऊन टाकलेला असतो. भाताचं शीत राहत नाही, खळीसारखं बुळबुळीत काहीतरी उरतं आणि त्याला तार सुटते. मावशींना वाटलं मुली नावं ठेवतायत. त्यांनी सगळ्यांसमोर एका मुलीच्या ताटातला घास उचलून खाल्ला. त्यांना काहीच झालं नाही. मग त्याच ताटातला घास मुलीने घेतला, आणि मावशींच्या पदरात ओकली. मावशींनी ते बघितलं. नळावर गेल्या आणि पदर पुन्हा पुन्हा धूत राहिल्या.

हेडफोन ज्यांनी ज्यांनी कानाला लावला, त्या आम्ही सात जणीच.

मोठ्या बाईंच्या मते नवीन बाईंनी लाडावून ठेवलं, म्हणून नखरे चाललेत. मी खाली मान घालून ऐकलं. नखरेच असू देत, असं मनातून वाटत होतं.

दुपारी बॅटऱ्या काढून कपाटात ठेवल्या. नंतर हेडफोन कानाजवळ नेला. मचमच. सावकाश, पोट भरत आल्यासारखी.

मंगळवार, १९ तारीख

पाव, केळं, उकडलेलं अंडं — सगळं करून झालं. दूध तोंडात जाताच फाटतं, आणि गुठळ्यांवर दातांचे ठसे असतात. पाणी तेवढं उतरतं. तेही आज कोमट होतं.

सहा जणींतली सगळ्यात लहानखुरी सकाळच्या रांगेत कोसळली. डॉक्टरांनी घसा तपासला, काही सापडलं नाही, सलाइन लावली. असे आणखी तीन-चार दिवस गेले तर मला विचारू नका, असं मोठ्या बाईंना सांगून गेले. मोठ्या बाई आता मला रागावत नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटते.

ह्या सहा जणी माझ्यामुळे. मी ‘या’ म्हटलं म्हणून आल्या.

संच फोडायला हातोडी उचलली. वकिलीणीने मनगट धरलं. तिच्या बोटांत ताकद नव्हती, तरी मी थांबले.

“बाई, फोडू नका. आमचं सगळं त्याच्या तोंडात आहे.”

या वेळी मी तिला ‘कशावरून?’ विचारलं नाही.

बुधवार, २० तारीख

काकांकडे गेले. खरं सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून एवढंच विचारलं, की परत जाणारं थांबवायचं कसं.

“बटण बंद करा की बाई, ह्याला पदवी लागते होय?”

मग माझा चेहरा बघून स्टूल पुढे केलं. नीट समजावलं. परतीच्या गुंडाळीची दोन टोकं अदलाबदल केली, की उलटं होतं. जे घालत होतो ते ओढलं जातं. नवशिके चुकून अशी जोडतात आणि संच लागत नाही म्हणून रडत येतात, म्हणाले.

ओढलं जातं. कुठून, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

गुरुवार, २१ तारीख. सकाळी अकरा.

टोकं बदलली. सोल्डर केलं. हेडफोन मीच घातला, बाकी कुणी नाही. मुलींना भोजनगृहात पाठवलंय.

बारा वाजून दहा.

जेवतायत! मावशी अंगणातून ओरडून सांगून गेल्या. लहानखुरीसुद्धा. भात मोकळा लागतो म्हणे, मीठ कमी आहे म्हणून तक्रारसुद्धा केली. मी खिडकीत रडत उभी होते, आणि तेवढ्यात —

तोंडात आलं. माझ्या. आपोआप.

थंड. साय धरलेलं. आत केस.

बारा वीस.

थुंकले एकदा. खाली लगेच कुणीतरी ओकलं. इथपर्यंत आवाज आला.

म्हणजे गिळायचं. त्यांचा एक घास, माझा एक. बोलता येत नाही, लिहिता येतं. हे आत्ताचं नाही, जुनं आहे. खूप जणांचं. तळाचं. चिकट — उबट — आता एक दात लागला जिभेला. माझे मोजले. माझे सगळे आहेत.

छोटा आहे. दुधाचा.

तोही गिळला.

बारा पस्तीस

कानात आता मचमच नाही. कुणीतरी श्वास रोखून ऐकतंय. मी खाते ते —

मोठ्या बाई दार वाजवतायत. बाहेर या, बाळ, म्हणतायत. बाळ म्हणाल्या.

नाही. कडी घातली. हेडफोन डोक्याला तारेने आवळून बांधलाय, तीन पीळ, टोकं आत दुमडलीत. पक्कड खिडकीतून कौलांवर फेकली. मघाशीच. परत विचार करायला नको म्हणून.

वकिलीणीने भोजनगृहाच्या दारातून हात वर केला. आणखी वाढतायत. सगळ्यांना. बरं. बरं, खा —

मोठा आहे हा घास. हलतोय. दातांनी धरून ठेव —