सदतीस नंबरची ओळ

१६ ऑक्टो. १९९४
उत्तनला जाऊन सोयाबीन काढलं. प्रत्येक ओळीची वेगळी पिशवी, वर चिठ्ठी. संस्थेच्या शेतात सरांनी पीएचडीच्या बाकी सगळ्यांना जागा दिली, मला नाही. म्हणून बस्त्यावकाकांच्या भाजीच्या वाडीतला हा तुकडा. ३७ नंबरची ओळ शेंगांनी लगडलेली. पण हुरळायचं नाही. शेंगा जास्त तर दाण्यात प्रोटीन कमी, प्रोटीन जास्त तर झाड किडकिडीत. या संकराच्या चार पिढ्या हेच बघतेय.
घरी आले तर अप्पा जेवले नव्हते. भात तसाच.

९ नोव्हें.
३७: प्रोटीन सगळ्यांत जास्त. आणि शेंगाही! परत केलं, तेच. मग लॅबमधल्या हेमाला नंबर न सांगता करायला दिलं. तेच!!
सर स्वतः माझ्या टेबलाशी आले. "दोन्ही एकाच झाडात? नाव काढलंस." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
अप्पांना सांगितलं तर उशीला टेकून उठून बसले. शाळेत शास्त्र शिकवायचे. "म्हणजे हे पुढच्या पिढीत उतरणार ना? की यंदापुरतंच?"
म्हटलं, उतरणार.
एका हंगामावर असं बोलू नये. पण त्यांचा चेहरा इतका

२१ जाने. १९९५
सर परिषदेत ३७ वर बोलून आले. आता "आपली ओळ" म्हणतात. मागच्या महिन्यापर्यंत "तुझी" होती.
अप्पांचं पोट पुन्हा फुगलंय. लिव्हर. डॉ. म्हणाले, आता घरीच ठेवा.

४ मार्च
अप्पा गेले. सकाळी. चहा अर्धा राहिला.

१७ मार्च
समोरच्या शाहबेन दारात उभ्या राहून रडल्या. "अप्पा तो पूरी बिल्डिंग को बोलते थे, मेरी बेटी ने नया दाना निकाला." मला माहीतच नव्हतं. ते जिना उतरायचे तरी कधी?

८ जुलै
पेरणी झाली. ३७ चं बी अर्धं उत्तनला, अर्धं संस्थेच्या शेतात. (आता मिळाली जागा.) बस्त्यावकाका कंबर धरली म्हणून मुलीकडे गोराईला आहेत, वाडी पुतण्या बघतो.
घरी येऊन सांगायला कोणी नाही. कुलूप काढताना हे दर वेळी नव्यानं कळतं.

१४ नोव्हें.
३७ खाली आली. उत्तनला आणि संस्थेत, दोन्हीकडे. प्रोटीन इतर ओळींसारखंच, शेंगाही बेताच्या. तपासणीचं अॅसिड नवीन घेऊन पुन्हा केलं. तेच.
सर म्हणाले, "पाऊस. हवामान. तसं लिहून टाक."
पण बाकीच्या ओळी गेल्या वर्षीइतक्याच आहेत. पाऊस काय एकट्या ३७ वर पडला?

३ डिसें.
उत्तन. काका परत आलेत, अंगणात खाटेवर. विचारलं, मागच्या वर्षी त्या तुकड्यात काही वेगळं झालं होतं का?
"तुजी ती कडंची ओल पिवली परलेली, बाय. माना दया आली. सुक्या मासलीचा खत घातला. फुल आला तवा एकदा, दाना भरला तवा एकदा. कशी झालेली, बगलंस ना? औंदा मी न्हवतो, म्हनून बिगरली."
म्हटलं, हो काका, छान झाली होती.
काकींनी नारळपाणी दिलं. प्यायले.
म्हणजे बियाण्यात काहीच नव्हतं. खत होतं. खत पिढीत उतरत नाही. तेव्हा बी एका ओळीपुरतंच होतं; जोडीला ३७ चीच दुसरी ओळ असती तर तेव्हाच कळलं असतं.
अप्पांना मी म्हटलं, उतरणार.

५ डिसें.
सरांना सांगितलं. खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं.
"खत घालताना तू पाहिलंस? नाही ना. म्हातारा काहीही बोलेल. प्रबंधात पहिल्या वर्षाचेच आकडे ठेव."
"सर, पुढे कोणी ही ओळ घेऊन पेरली तर?"
"तोवर तू डॉक्टर झालेली असशील."
मग हळूच, "मी शंभर माणसांसमोर बोललोय गं." पहिल्यांदाच म्हातारे दिसले. राग येईना, हेच जास्त वाईट.

२२ डिसें.
प्रकरण टाइप करून दिलं. दोन्ही वर्षांचे आकडे घातले, खताचं वाक्यही घातलं. सरांची सही अजून नाही. फेलोशिप मार्चला संपते.
जिन्यात शाहबेन: "वो दाना बाज़ार में कब आएगा?" टाइम लगेगा, म्हटलं. त्या म्हणाल्या, "अप्पा देखते तो कितना खुश होते."
रात्री जेवले नाही.

११ जाने. १९९६
प्रकरण परत आलं. खताच्या वाक्यावर लाल रेघ, दुसऱ्या वर्षाच्या तक्त्यावर मोठी फुली. शेजारी सरांच्या बारीक अक्षरात: "हे काढ, मग सही."
बसमध्ये ठरवलं, काढायचं. स्टेशनला उतरेपर्यंत ठरवलं, नाही काढायचं. तशीच मोरवा गावातल्या टाइपवालीकडे गेले. तिनं मशीनवरचं कापड काढलं, कोरा कागद लावला.
"हे पान नवीन करायचं ना, मॅडम? काय गाळायचं ते सांगा."
मी लाल रेघेचं पान पिशवीतून अर्धं काढलं, परत आत सारलं.
"उद्या सांगते."
"उद्या बंद आहे."
"मग परवा."
तिनं कागद मशीनमध्ये तसाच राहू दिला.