काठावरच्या चपला

३ फेब्रुवारी
वर्तकनगरहून ठाकुर्लीच्या भाड्याच्या खोलीत आलो. सामान टाकलं आणि थेट खाडीवर पळालो. जुन्या जलमार्गाची दुरुस्ती माझ्याकडे, म्हणजे लॉटरीच! दोन लोखंडी दरवाजांमध्ये दगडी हौद. नाव आत घ्यायची, भिंतीतल्या भुयारातून पाणी सोडायचं, की मिठाने भरलेली नाव अलगद वरच्या कालव्याला लागायची. त्या काळच्या माणसांना हे सुचलं कसं, बघतच राहिलो.

गाळ काढायला कोळीवाड्यातला गुणाजी, पाणी सोडायचं चाक फिरवायला त्याची बायको मालू. खाली भुयारात उतरणाऱ्याने चपला काठावर काढायच्या. चपला दिसल्या तर चाकाला हात लावायचा नाही. साहेब, हेच आमचं लायसन, असं मालूबाई म्हणाली. मला हसू आलं.

१० फेब्रुवारी
मोठे साहेब पाहणीला आले. काठ मी चुना मारून चकाचक केलेला, आणि त्यावर चिखलाने भरलेल्या चपला! लाज वाटली. उचलून केबिनमागे टाकल्या. साहेबांनी पाणी सोडायला सांगितलं. मालूबाईने काठ नीट पाहिला, मग चाक फिरवलं. हौद भरला, साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मग तिने गुणाजीला जेवायला हाक मारली.

११ फेब्रुवारी
कामगार न सांगता भुयारात उतरला आणि बुडाला, असं अहवालात लिहिलं. चपला खाडीत फेकल्या. मालूबाई रडत नाही. एकच विचारते, काठाला चपल्या नव्हत्या ना साहेब, तुम्ही पण बघितलेलं ना? मी म्हटलं, नव्हत्या. तुझं लक्ष नसेल, तो आधीच उतरला असेल.

१६ फेब्रुवारी
सकाळी काठावर चपला. त्याच. ओल्या. पुन्हा फेकल्या. दुपारी परत —

मालूबाई चाकाला हात लावत नाही. काठाला चपल्या आहेत, माणूस आत आहे म्हणते.

१७ फेब्रुवारी
साहेब फोनवर भडकले. भुयार रिकामं आहे हे आजच दाखव, नाहीतर घरी बस. उतरतो. बूट काठावर काढलेत, गुणाजीच्या चपलांशेजारी. आता हसू येत नाही.

खाली. मोबाइलवर लिहितोय.
भुयारात कोणी नाही. नुसता गाळ. पाय निघत नाही — रुतला नाही, धरलाय —

भुयाराच्या तोंडातून वरचा काठ दिसतो. एक ओला हात आला. आधी चपला उचलल्या. मग माझे बूट.

ओरडतोय. आवाज वर पोचत नाही. मालूबाई आली. काठ बघते आहे, नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत —

चाक कुरकुरलं —

मालूबाई, त्या दिवशी चपला होत्या, मीच उच